अहो-जाहोचा दिवस

१२ जानेवारी, सोम.
आज पुन्हा अहो-जाहोचा दिवस. शुद्धीत असले की मुख्याध्यापक सर पोरांना 'ए टोणग्या', 'ए ठमे'. प्यायलेले असले की पहिलीतल्या पोरालाही 'आपण बसा'. पाचवीतली आर्या माझ्या कानाशी, "बाई, सर आज लय गोड बोलाय लागल्यात." खिचडी ढवळता ढवळता शालनमावशी म्हणाल्या, "व्हय, वास बी गोडच हाय."
साडेअकराला सर निघाले. जाताना, "बाई, हालचाल रजिस्टरात लिहा, टपाल द्यायला केंद्रशाळेत."
लिहिलं. खोट्या नोंदीचं अक्षर छान आलंय. त्याचीच जास्त लाज वाटते.

१३, मंगळ.
जेवण गेलं नाही.
दम्यामुळे मी शाळेत थेट दुसरीला बसले. त्याआधी वाईला घरीच, आत्याकडे. ती तहसील कचेरीत कारकून. वहीत खाडाखोड करू द्यायची नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि सही. पाच वर्षांची मी, सही कुठली, बदक काढायचे.
फोनवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रेघ मारलीस?"
म्हटलं, माझं शिक्षणसेवकाचं अजून एक वर्ष बाकी आहे, माझ्यावरचा शेरा सरच लिहिणार.
"ते नाही विचारलं मी."

१७, शनि.
हेही लिहायला हवं, नाहीतर तेही खोटंच: सरांसारखं गणित कुणी शिकवत नाही. आज भाकरी मोडून अपूर्णांक शिकवले. उत्तर आलं त्याला तुकडा. शेवटी सरांच्या हातात काहीच उरलं नाही, तेव्हा काय खुशीत होते!
उद्या विश्रामबागला गणिताची स्पर्धा. पाच मुलं, सरांची गाडी, सर चालवणार. आणि मी मागे बसून काय, देवाचं नाव घेणार?

१८, रवि.
उशीर झालाय. तरी लिहिणार.
सकाळी सात. पाचही जण तेल लावून, भांग पाडून उभे. सरांनी गाडीचं दार उघडलं. "आर्याताई, आपण पुढे बसा."
आज कुणी हसलं नाही. आर्याने माझ्याकडे पाहिलं.
मी हात पुढे केला. "सर, किल्ली."
"बाई, तुमची नोकरी अजून कच्ची आहे."
"हो सर. किल्ली द्या."
दिली!
शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा, फौजेतून आलेले, त्यांना फोन लावला. दहा मिनिटांत जीप घेऊन हजर. सरांना एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमी पायरीवर बसा. जरा ऊन खावा." मग मला, "बाई, आवाज न चढवता किल्ली काढलीसा. आमच्या सुभेदाराला न्हाई जमलं कवा."
आणि आर्या पहिली! जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत पहिली!! परत येताना जीपमध्ये पोरं घसा बसेपर्यंत पाढे ओरडत होती. अण्णाही. एकोणतीसच्या पाढ्याला अण्णा अडकले, पोरं नाही.

१९, सोम.
सरांसमोर रजिस्टर उघडलं. बारा तारखेच्या नोंदीवर एक आडवी रेघ. वर लिहिलं: 'मुख्याध्यापक मद्यपान केलेल्या स्थितीत शाळा सोडून गेले. आधीची खोटी नोंद मी केली होती.' सही, तारीख. खाली कालचं.
सरकवलं त्यांच्यापुढे. किती वेळ वाचत होते.
"माझं लिहिलंत ते ठीक. स्वतःचं कशाला लिहिलंत?"
"नोंद माझी होती, सर."
माझंच पेन मागून घेतलं. खाली लिहिलं, 'वरील नोंदी बरोबर आहेत.' सही केली. टोपण लावून पेन परत दिलं.
एवढी मोठी मी आज कधीच नव्हते. नीट वाक्यसुद्धा होत नाहीये.
आत्याचा प्रश्न एकच, "खालचं वाचता येतंय ना?"

२७, मंगळ.
सर रजेवर, साताऱ्याला उपचाराला. अण्णा स्वतः सोडून आले. वरून माझ्याकडे खुलासा मागितलाय, खोटी नोंद का केली. एका बैठकीत लिहिला. एकही रेघ मारावी लागली नाही.
पाचवी ते पहिली, सगळे वर्ग एकटीच्या अंगावर. घसा गेला. झोप मात्र लागते.

९ मार्च, सोम.
सर हजर. चौकशी बाकी आहे, त्यांचीही, माझीही. परिपाठाला पोरांच्या मागे उभे होते. बारीक झालेत.
मी पहिली-दुसरीला अक्षरं गिरवायला देऊन कान भिंतीला लावून. पलीकडून सरांचा आवाज आला, "बसा."
पुन्हा अहो-जाहो? धावत दारात गेले. अख्खा वर्ग उभा होता. सगळ्यांना म्हणाले होते. अनेकवचन!
मग, "ए ठमे, फळा पूस." आर्या एवढ्या मोठ्याने हसली की शालनमावशी पळी घेऊन बाहेर आल्या.
हालचाल रजिस्टरात आजची ओळ कोरी आहे. शाळा सुटायला अजून दीड तास.