मागच्या खोलीतले रंध्याचे टेबल

मी, वय वर्षे एकाहत्तर, औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेला कंपाउंडर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. मला सगळे नीट समजते असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणाचा दबाव नाही; असता तर कलम दोन लिहिताच आले नसते.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी-निम्मी. शिवणयंत्र मुलीचे. तिच्या आईने ते जाण्यापूर्वी तोंडी दिलेलेच आहे.

२. छोटा रंधा मेव्हण्यांना द्यावा. त्यांनी तो मागून नेला आणि खिळ्यावरून फिरवून परत आणला. पाते तसेच ठेवले आहे. धार त्यांनी लावून घ्यावी.

३. मागच्या खोलीतील सुतारकामाचे टेबल, मोठा रंधा आणि टेबलाखालची लोखंडी वजने खालच्या मजल्यावरच्या काटेवाल्या बाईंना द्यावीत. त्या वजनकाटे दुरुस्त करतात म्हणून आम्ही त्यांना तसे म्हणतो. मुलाला हे विचित्र वाटेल, म्हणून कारण लिहितो.

पत्नी गेली त्या वर्षी खोलीचे दार घासू लागले, म्हणून मी रंधा आणला. दार सरळ झाले, पण मला रंध्याचा नाद लागला. मग दुकानातले सर्वांत स्वस्त टेबल घेतले. चार बारीक पाय, चार बोल्ट. रंधा पुढे लोटला की टेबलही पुढे चालू लागे. तिसऱ्या दिवशी बाई वर आल्या.

"अहो, दुपारचा वर घोडा बांधता की काय?"

मी ओशाळून टेबल दाखवले. त्यांनी कडेला तळहात लावून ढकलून पाहिले, खाली वाकल्या आणि राग विसरल्या.

"टेबल वाईट नाही हो. याला कुणी नीट उभंच केलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी करवत घेऊन आल्या. पाय चार बोटे कापायचे म्हणाल्या. टेबल उंच असले की नुसते हात दुखतात, अंगाचा जोर रंध्यावर येत नाही.

"नवीन आहे ते!" मी म्हणालो.

"मग काय, जुनं व्हायची वाट बघू?"

त्यांनी पायांना लांब आडव्या पट्ट्या आवळल्या, त्यांवर फळी टाकून आपल्या दुकानातली बाद वजने रचली, पायांखाली टायरचे तुकडे चिकटवले. लाकूड अडावे म्हणून टोकाला ठेपा बसवला. मग टेबलाचा माथा सपाट व्हावा म्हणून त्यावर पेन्सिलीने रेघा ओढून म्हणाल्या, "या सगळ्या जाईपर्यंत रंधा मारा." मी मारला. टेबल तसूभर हलले नाही.

दोन वर्षांनी मला झटका आला आणि डावा हात लुळा पडला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता हे धूड भंगारात देऊ या." त्याच्या मनात काळजीच होती. मीही हो म्हणालो. भंगारवाला जिन्यात बाईंना भेटला आणि तिथूनच परत गेला.

"हात आजारी आहे. टेबलाला काय झालंय?" त्या मला म्हणाल्या.

लाकूड बाजूला सरकू नये म्हणून त्यांनी कडेला आणखी एक पट्टी लावली. माझा डावा हात रंध्याच्या मुठीवर ठेवून मऊ फडक्याने बांधला. "उजव्यानं ढकला. डावा नुसता सोबत येऊ दे." पहिल्या दिवशी तीनच हात मारले आणि मी रडलो. त्या ठेप्याचा स्क्रू आवळत बसल्या. रोज दुकान बंद करून त्या वर येत. पाचव्या महिन्यात मी शर्टाची बटणे स्वतः लावली. एवढे करून "मी केलं" असे त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाही. असे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

टेबल खाली नेताना मजूर लावू नयेत. मुलाने एकेक वजन स्वतः उचलून न्यावे, म्हणजे बाईंनी ती वर कशी आणली असतील ते त्याला कळेल.

४. साक्षीला मला काटेवाल्या बाईच हव्या होत्या. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार, त्यांची सही घेऊ नये. दोन्हींतलं एक ठरवा." मी टेबल ठरवले. आपल्याला डावलून इतरांना बोलावले एवढेच बाईंना समजले आहे, आणि सकाळपासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. हा कागद उघडेल तेव्हा त्यांना कारण कळेल. तोवर त्यांचा रुसवा मला मान्य आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. (सही) आमचे डॉक्टर
२. (सही) कोपऱ्यावरचे वह्या-पुस्तकांचे दुकानदार

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३