जुना लॉग किती दिवस ठेवायचा

१५ सप्टेंबर १९९७, सोमवार

पुन्हा डिस्क भरली! सकाळी कापसाच्या गाठींची पहिलीच पावती टाकताना सर्व्हर अडकला. पाहिलं तर सगळी जागा लॉगने खाल्लेली. कोण कधी बसलं, कधी उठलं, हैदराबादचा फोन कधी लागला – मशीन सगळं लिहीत राहतं आणि आपण कधी पुसत नाही. म्हणजे मीच पुसत नाही. मशीन माझ्याकडे आहे.

हैदराबादला हेड ऑफिसच्या इंजिनियरला फोन केला. त्याने झापलं. "दो साल का कचरा लेके बैठे हो? रोटेशन लगाओ!" मोसम सुरू होण्याआधी झालं पाहिजे, म्हणाला.

देवाजी चपराशाने दौलतची खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. ऑफिसात कुणी तिच्याकडे पाहत नाही. मीही नाही.

१७ सप्टेंबर

रोटेशन समजलं. रोज रात्री चालू लॉगला एक नंबर द्यायचा, एकच्याला दोन, दोनच्याला तीन, असं मागे सरकवत न्यायचं. सातच्या पुढे गेली की ती फाईल पुसायची. सोपं आहे. दोन वर्षं केलं नाही, आळस.

जुना लॉग उघडून पाहिला. नको होता पाहायला. रोज सकाळी दौलतच्या नावाची एक ओळ. २५ ऑगस्टपर्यंत. पुढे नाही.

मार्चपासून हजेरीच्या रजिस्टरऐवजी या लॉगचा छापील कागद हैदराबादला जातो. तो मी काढतो. दौलत माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मीच त्याला इथे चिकटवलं. घरच्या माणसाला पाठीशी घालतो असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याच्या उशिराच्या ओळीखाली मी स्वतः लाल रेघ मारायचो. दुसऱ्या कुणाच्या ओळीखाली मारली नाही!

ऑगस्टमध्ये त्याला मेमो आला. तो मीच त्याच्या हातात दिला. "बरं दादा," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून गावाहून, तामसीहून, येणारी बस सोडून तिच्या आधी निघणाऱ्या जीपला लटकून येऊ लागला. पुढच्या आठवड्यात ती जीप पुलाजवळ उलटली.

हे अजून कुणाला बोललो नाही. इथे लिहिलं.

२१ सप्टेंबर, रविवार

तामसीला गेलो. बहीण, चंद्रभागा, बारीक झाली आहे. तिची सासू सखूबाई ओट्यावर बसली होती. मला पाहून म्हणाली, "या साहेब! आज रेघा माराले सुट्टी हाय वाटते?"

"आत्याबाई, चूप बसा ना," चंद्रा आतून म्हणाली.

"काऊन चूप बसू? पोरगं माह्यं गेलं. याच्या घरचं काय गेलं?"

मी चपला घातल्या. निघताना तिनेच हाक मारली, "जेवून जा. तुह्या बहिनीनं सकाळपासून चुलीवर वरन ठेवलं हाय." जेवलो. सगळं संपवलं.

चंद्रा बाहेरपर्यंत आली. "दादा, त्याइच्या जागेचं काई समजलं का? मी दहावी पास हावो. शिकून घेईन मी मशीन."

म्हणालो, पाहतो.

२३ सप्टेंबर

सुधाकररावांना विचारलं. आमचे मॅनेजर. कामावरचा माणूस गेला तर घरच्याला जागा देतात, अशी कंपनीची पद्धत आहे. पण म्हणाले, "शेरा आड येतो हो. 'वारंवार उशिरा.' हैदराबादवाले म्हणतात, ऐसे आदमी के घरवालों को क्यूँ लें? बाईचं काम व्हावं असं मलाही वाटतं. पण कागद बोलतो ना!"

कागद मीच पाठवला होता. ते त्यांनी म्हटलं नाही. चांगला माणूस.

२४ सप्टेंबर

लगेच लिहून ठेवतो.

लॉग सरकवणारी स्क्रिप्ट रात्री चालणार, पण नीट चालते का ते डोळ्यांनी पाहावं म्हणून एका खोट्या फाईलवर दुपारी एकला लावली होती. बरोबर चालली. फाईल सरकली. मी खूश. पण बाहेर देवाजीच्या रेडिओवर अजून गाणीच चालू होती. एकच्या बातम्या लागल्याच नव्हत्या. भिंतीवर पाहिलं – एक वाजलेला. मनगटावर पाहिलं – एकला वीस मिनिटं कमी.

भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं! मी इथे लागलो त्याच्या आधीपासून. तामसी, गुडीहत्नूरच्या लोकांची संध्याकाळची बस चुकू नये म्हणून सुधाकररावांनीच तसं लावलेलं. सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही. सर्व्हर बसवला त्या दिवशी इंजिनियर म्हणाला, "टाइम बोलो." मी मान वर केली आणि भिंतीवरचा सांगितला.

आम्ही गावात राहणारे भिंतीच्या हिशोबानेच लवकर येतो. तामसीची बस खऱ्या वेळेने येते. दौलत रोज दहाच्या आधी खुर्चीत असायचा. मशीन लिहायचं, सव्वादहा.

तो वेळेवर होता. रोज.

२५ सप्टेंबर

सर्व्हरची वेळ दुरुस्त केली. एका ओळीचं काम. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२७ सप्टेंबर

दिवसभर एकच विचार. वेळ चुकीची होती हे दाखवता येईल. हैदराबादचं मशीन रोज फोनवरून आमच्या पावत्या ओढून घेतं. तेव्हा त्यांची वेळ आणि आमची वेळ लॉगात एकाच ओळीवर पडते. दोन वर्षं दोघांत वीस मिनिटांचं अंतर. कुणालाही दिसेल. पण ते फक्त त्या जुन्या लॉगात आहे, आणि तो पुसायला मला हैदराबादनेच सांगितलं आहे. म्हणजे मी काहीच केलं नाही तरी चालेल! स्क्रिप्ट लावायची, गप्प बसायचं. मशीन पुसेल.

मला दोन पोरं आहेत. नोकरी गेली तर मी तरी कुठे जाऊ?

२९ सप्टेंबर

स्क्रिप्ट लावली. सात दिवस ठेवायचे. जुना लॉगही त्याच रांगेत टाकला. वेगळा काढला नाही.

सकाळी विहारात गेलो होतो. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं बोलणार नाही याला, आवाज निघाला नाही. नुसते ओठ हलवले.

१ ऑक्टोबर

रोटेशन व्यवस्थित. जुना लॉग दोन नंबरला.

३ ऑक्टोबर

चार नंबरला.

हैदराबादचा फोन. "बढ़िया! रोटेशन चालू हो गया." शाबासकी मिळाली.

४ ऑक्टोबर

चंद्राचा निरोप, बसच्या कंडक्टरबरोबर. "दादाले इचारजो, काई झालं का?" कंडक्टरला म्हणालो, पाहून राह्यलो म्हणावं.

६ ऑक्टोबर, सोमवार

सात नंबरला. आज रात्री जाणार.

दुपारी सुधाकरराव म्हणाले, मोसमासाठी नवीन मुलगा येतोय, त्याला दौलतच्या जागी बसवू. देवाजीने खुर्ची भिंतीपासून ओढली, अंगातल्या शर्टानेच पुसली आणि टेबलापाशी आणून ठेवली. मला म्हणाला, "याचा एक पाय हालते. तुमच्या दाजीनं खाली पुट्ठा ठेवला होता. कुठी गेला तो?"

मी उठलो. जुना लॉग टेपवर घेतला. मग दुसऱ्या टेपवर. मग लागेल तेवढ्या ओळी छापल्या, वर एक अर्ज लिहून जोडला आणि सुधाकररावांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. लाल रेघांचंही.

ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "हे काय देताय, कळतंय का तुम्हाला? मेमो आता तुमच्या नावाने येईल. आणि नुसत्या मेमोवर भागेल असंही नाही."

"येऊ द्या."

"आणि ते घड्याळ मी पुढे केलं, ते नाही लिहिलं?"

"सर्व्हरला वेळ मी दिली, साहेब."

त्यांनी पेन काढलं आणि माझ्या अर्जाखाली आपल्या हाताने घड्याळाची ओळ लिहिली. सही केली. मग देवाजीला चहा सांगितला.

९ ऑक्टोबर

हैदराबादहून पत्र. दौलतवरचा शेरा काढला. चंद्रभागाचा अर्ज मागवला आहे. माझी चौकशी पुढच्या महिन्यात, तिकडे जाऊन.

झोप लागली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा अशी.

१२ ऑक्टोबर, रविवार

चंद्राला सगळं सांगितलं. भाकरी थापत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "माहीत होतं, दादा. त्याइनं मेमोच्याच दिवशी सांगतलं होतं मले, मशीनचा टाइम पुढं हाय म्हनून. मी म्हनलं, मंग दादाले सांगा ना. तं म्हने, येडी हायस का? मंग मेमो दादाले भेटन."