आईची फाईल

पप्पा,

गंगापूर रोडच्या शाळेत आज लवकर बोलावलंय. पोहे झाकून ठेवलेत.

वजन कमी करायच्या इंजेक्शनसाठी दोन ऑनलाइन डॉक्टर बघितले. एकीकडे उंची-वजन भरलं की लगेच औषध लिहून देतात. दुसऱ्या मॅडमनी व्हिडिओवर आधी विचारलं, "घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का?" आई गळ्याच्या गाठीने गेली एवढंच मी सांगू शकले. "तसा कॅन्सर घरात असेल तर हे इंजेक्शन धोक्याचं. गाठ कसली ते कळल्याशिवाय औषध देणार नाही," म्हणाल्या. मला याच डॉक्टर हव्यात.

आईची फाईल तुमच्या कपाटात असेल तर काढून ठेवा. नसेल तर संध्याकाळी माझ्याजवळ बसून सांगा. सुरुवात गाठीपासून करा, पण तेवढ्यावर थांबू नका. आई मला काय म्हणून हाक मारायची, तेही मला आठवत नाही.

चैताली