न हरवलेली बॅग

रविवार, ता. १२, सकाळ

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईचा गुडघा तसाच. छापखान्यात नवा मालक म्हणतो, यापुढे मुद्रितं माझ्याऐवजी यंत्र तपासेल. तपासू दे. काल त्या यंत्राने मुखपृष्ठावरच लेखकाचं आडनाव बदललं. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आणि पत्रास कारण, ती बॅग.

माझी कोणतीही बॅग हरवलेली नाही. कृपा करून हे तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना स्पष्ट सांग. त्यांनी म्हणे विमान कंपनीकडे चौकशी केली. अगं, मी घरातून हललेलोसुद्धा नाही!

झालं ते असं. त्या फोन करणार हे तू आईला सांगितलंच होतंस. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, म्हणून मी उचलला. नमस्कार, कशा आहात, आपल्याशी बोलून आनंद झाला, ही वाक्यं त्यांच्या भाषेत घोटून तयार होती. आरशासमोर म्हणून झाली होती. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "माझी बॅग आली नाही. ती निळी आहे." पुस्तकातला धडा चौथा, विमानतळ. उच्चार बिनचूक होता, हवं तर त्यांना विचार. त्या घाबरून भराभर काहीबाही विचारू लागल्या. मला त्यातलं फक्त तुझं नाव कळलं. म्हणून मी म्हटलं, "होय, फार मोठी आहे," आणि फोन ठेवून दिला.

तुझी आई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, सहा भाषांचे धनी, विहीणबाईंशी पहिलं बोललात ते सामानाचं!"

आता तू विचारशील, ही सातवी भाषा कुठून उपटली? सहज. डोक्याला चाळा म्हणून. सहा भाषा मी एकही शिकवणी न लावता, रेडिओ आणि रद्दीतल्या पुस्तकांवर उभ्या केल्या, तर ही का नाही? पण नाहीच येत. सकाळी पाठ केलेलं दाढी होईस्तोवर उडून जातं. परवा पुस्तक भिंतीवर फेकलं, मग उठून आणलं, पान दुमडलं होतं ते सरळ केलं. वयाचा संबंध नाही. पुस्तकच भिकार आहे.

आपल्या घराचा नियम तुला माहीत आहे. प्रत्येक खोलीला एक भाषा, दारावर तिची पाटी. आईने भांडून स्वयंपाकघर तेवढं मराठीत ठेवलं. मागच्या खेपेला त्या मुलाबद्दल तू दिवाणखान्यात उभी राहून सांगत होतीस, नियमाप्रमाणे दिवाणखान्याच्या भाषेत. मी तुला मध्येच थांबवून एक उच्चार दुरुस्त केला. तो चुकलाच होता, आजही म्हणेन. तू म्हणालीस, "बाबा, मी काय सांगतेय ते ऐकलंत तरी का?" आणि स्वतःची बॅग उचलून निघालीस. मी जिन्यापर्यंत आलो होतो, तू पाहिलं नाहीस. हाक मारायला एकाही भाषेतलं काही सुचलं नाही. मराठीतलंसुद्धा.

आईला तू म्हणालीस म्हणे, "बाबांना लग्नाला बोलवायचं की नाही ते ठरलेलं नाही. तिथेही लोकांच्या चुका काढत बसतील."

कोणाच्या चुका काढणार मी तिथे? मलाच धड बोलता येत नाही. काढल्याच तर विहीणबाई माझ्या काढतील, आणि मला ते कळणारही नाही.

दिवाणखान्याची पाटी मी काढलेली नाही. नियम तो नियम. पण इकडे आलीस तर सरळ स्वयंपाकघरात ये. ओट्याजवळ दुसरं स्टूल आणून ठेवलं आहे. तू बोल. मी भाजी निवडत बसेन.

बॅग खरंच निळी आहे. पलंगाखालून काढून पुसली. आई म्हणते, "आमंत्रणाचा पत्ता नाही, आताच काय भरता?" मी कुठे भरली आहे? दाढीचं सामान तेवढं ठेवलं आहे. आणि ते पुस्तक.

तेव्हा सासूबाईंना सांग, बॅग हरवलेली नाही. अजून निघालेली नाही, एवढंच. कधी निघायचं ते तू कळव.

तुझा,
बाबा

ता. क. हे पत्र मी पुन्हा वाचून तपासलेलं नाही. आहे तसंच पाठवतो आहे.