पोत्यांखालचे स्टेज

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा कॉफी भाजणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि दोन कप कॉफी पिऊन लिहिते आहे. हात थकला आहे, डोके नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवड नव्हती.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक मुलाला. त्याने कॉफीला कधी हात लावला नाही, तेव्हा दुकानातही लुडबूड करू नये.

२. पुढचे दुकान, मापे, चाळण्या आणि भाजायचे यंत्र सुनेला. पोरगी कष्टाळू आहे. तोंडावर कधी म्हटलेले नाही, इथे वाचेल.

३. मागची खोलीही सुनेला. एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत तिथे माझ्या नवऱ्याचा बार होता आणि रोज संध्याकाळी गाणे व्हायचे. आता स्टेजवर कॉफीची पोती आहेत. ती मी का रचली, हे सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळायचे नाही.

त्या स्टेजवर माझी धाकटी बहीण गायची. ती गायला लागली की नवरा हातातला ग्लास भरायचा विसरायचा. माझ्या कॉफीला गाव नावाजायचे, हा मात्र "बरी आहे" म्हणायचा. दोघांत वावगे काही नव्हते. असते तर भांडायला कारण तरी मिळाले असते. तो तिचे जसे ऐकायचा, तसे माझे कधी ऐकले नाही, यावर मी जळायचे. अजून जळते.

तो गेला त्याच महिन्यात मी बार बंद केला. धाकटी म्हणाली, "ताई, त्यांच्यासाठी एकदाच गाते."

"इथे आता पोती राहणार."

"पोत्यांपुढे गाईन."

"नको. मला तुझं गाणं कधीच ऐकायचं नव्हतं."

ती परत आली नाही.

४. हे मी खोटे बोलले. लोक ज्या कॉफीसाठी येतात, ती माझ्या चुकीतून झाली. बिया तडतडल्या की लगेच काढायच्या असतात. एकदा तडतड सुरू झाली आणि मागे धाकटीने गाणे धरले. मी नवऱ्याकडे बघत धुमसत राहिले. गाणे संपल्यावर भानावर आले, तर बिया काळपट. तीच कॉफी लोकांनी उचलून धरली. तेव्हापासून पहिली बी तडकली की मनात ते गाणे सुरू करते, आणि संपले की बिया काढते. सून विचारते, "आई, ओठ कसले हलवता?" मी सांगते, दाढ दुखतेय.

आता हात साथ देत नाही, भाजते सून. तिने घड्याळ लावून पाहिले, पण दमट दिवशी बियांना वेळ लागतो. दमट दिवशी धाकटीचा गळाही जड व्हायचा आणि लय संथ. घड्याळाला हे कुठून कळणार? जुनी गिऱ्हाइके हल्ली अर्धा कप ठेवून उठतात. असेच चालले तर दुकान वर्षभरही टिकायचे नाही. मी गाऊन दाखवले असते, पण मी बेसूर. आमच्या घरात सूर एकीलाच मिळाला.

५. जे आपले नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही, असे वकील म्हणतात. भाजायची रीत धाकटीच्या गळ्यात आहे, म्हणून ती मला देता येत नाही. तिने मी गेल्यावरच यावे, पोती उतरवून घ्यावीत आणि गावे, सुनेने भाजावे. मी असताना नको. सूनही तिच्याकडे माझ्या नवऱ्यासारखी बघायला लागली तर मला सोसणार नाही.

६. नवऱ्याचे उंच स्टूल धाकटीला. तिने त्यावर बसू नये, नुसते ठेवावे.

सही

साक्षीदार: १. समोरचे घड्याळजी २. शेजारच्या डॉक्टरीणबाई

स्थळ: मागची खोली, पोत्यावर बसून
दिनांक: ११ मार्च, हवा दमट

खुलासा: सही करताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तुम्ही गेल्यावर चव जमली की नाही, हे सुनेला सांगणार कोण?" ती चव माझ्याच जिभेला ठाऊक. सबब कलम ५ मधले "मी गेल्यावरच" आणि "मी असताना नको" हे शब्द मीच खोडले आहेत. धाकटीला बोलावल्याचा निरोप द्यायला घड्याळजी आत्ताच निघाले. ती आली तर मी जळणारच, तेवढे तिने चालवून घ्यावे.