कमी आवाजाची मशीन

बाबा, मशीन आणली. घोडीच्या पायांचे केस कापायची. तुमची सुरू झाली की तबेल्याचे पत्रे थरथरायचे. हिचा आवाज इतका कमी, की दुकानदाराला मीच विचारलं, सुरू आहे ना? सीताबर्डीत सलूनचं सामान विकणाऱ्या एका दुकानात अर्धा दिवस घालवला मी. रस्त्याच्या गोंगाटात काही कळेना, म्हणून मागच्या गोदामात जाऊन बसले. एकेक मशीन आधी कानाशी धरली, मग सलवार वर करून स्वतःच्या घोट्याच्या हाडावर टेकवली. जिची थरथर गुडघ्यापर्यंत चढली ती बाजूला. दुकानदाराने विचारलं, साहेबांसाठी पाहिजे का? मी म्हटलं, घोडीसाठी. त्याला वाटलं मस्करी करते. तुम्ही असता तर सरळ माझी अक्कल काढली असती.

पावसाळाभर ओल राहून आत्ताच्या घोडीला घोट्यामागच्या लांब केसांखाली जखमा झाल्यात. केस काढल्याशिवाय औषध पोचत नाही आणि ती मागच्या पायाला हात लावू देत नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, गुंगीचं इंजेक्शन देऊ. मी नको म्हटलं. मला हे शुद्धीतल्या घोडीवर करून दाखवायचं होतं, आणि कोणाला दाखवायचं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आपली लाल घोडी आठवते ना? वरातीत कानात कापसाचे बोळे घातले की बँड वाजो, फटाके फुटोत, ती जागची हलायची नाही. पण पायाशी मशीन आली की अंग चोरायची. तुमचं ठरलेलं, "बँडले भेत नाही अन् मशीनले भेते? नाटकं करून राहिली." मग तो दांडा निघायचा, टोकाला दोरीचा फास असलेला. फासात तिचा वरचा ओठ धरून पीळ द्यायचा, की दुखण्याच्या धाकाने जनावर गप्प. त्या दिवशी दांडा माझ्या हातात दिलात. मी चौदा वर्षांची. तुम्ही तिच्या मागच्या पायाशी बसलाय, मशीन खडखडते आहे, घोडीच्या नाकातून फुरफुर येते आहे, तिचा डोळा माझ्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर आहे. तुम्ही मान वर न करता म्हणता, "पीळ अजून. सोडशील तर याद राख." आणि पुढच्या क्षणी तिची लाथ तुमच्या गुडघ्यावर बसली.

धंतोलीच्या दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तेच ऐकवलंत. "पोरगी भेली अन् हात सोडला. बाईमाणसाचं कामच नाही हे." घोडी खोडील ठरली. प्लॅस्टर निघायच्या आधी, खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही ती वीटभट्टीवाल्याला देऊन टाकलीत. आणि मला तबेल्याची पायरी बंद. घरात पाहुणा आला की माझ्यादेखत तो किस्सा, वर हसणं. मी चहाचे कप उचलायची आणि मनात म्हणायची, हसा. तुमचा पाय पुढे कधी सरळ पडला नाही. काठीची टकटक अंगणातून आली की मला बरं वाटायचं, बाबा. खरंच बरं वाटायचं. तुम्ही गेलात तेव्हा लोकांनी माझं रडणं बघितलं. त्यात किती काय होतं ते त्यांना कुठून कळणार?

आता तबेला माझा आहे. तुमचा फोटो बैठकीतून काढून तबेल्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या पोत्यांवरच्या भिंतीत खिळा ठोकून टांगलाय. पाहुणे म्हणतात, लेकीने बापाचा मान ठेवला. कसला मान! तुम्हाला बघायला लावलंय. आठ दिवस रोज बघितलंत. पहिले दोन दिवस ती चणे खात होती आणि मशीन लांब खिडकीत नुसती सुरू होती. मग बंद मशीन खांद्यावरून फिरवली. मग माझा तळवा तिच्या पायावर आणि सुरू मशीन माझ्याच हाताच्या पाठीवर, म्हणजे थरथर आधी मला, मग तिला. आज सकाळी तळवा काढून घेतला. तिने कान मागे केले, पाय उचलला, परत ठेवला. मागच्या दोन्ही पायांचे केस निघाले, जखमा धुतल्या, मलम लावलं. शेवटी शेवटी तिचा खालचा ओठ लोंबत होता, डोळे अर्धे मिटले होते. ना दांडा, ना इंजेक्शन, ना आवाज. मी तुमच्याकडे बघून म्हटलं, बघा, नाटकं करून राहिली का?

इतकं सगळं जिंकून मी आत आले आणि हे लिहायला बसले. हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, तेव्हा उरलेलंही लिहून टाकते. मी भ्याले नव्हते, बाबा. माझ्या हातात भरपूर जोर होता. तुमचा गुडघा तिच्या खुरासमोर आहे हे मला दिसत होतं, आणि मी दांडा सोडून दिला. वीटभट्टीवाला तिला न्यायला आला त्या दिवशी तुम्ही आत खाटेवर होतात, मी दारात उभी होते. आत येऊन 'दांडा मी मुद्दाम सोडला' एवढं एक वाक्य बोलले असते तर ती राहिली असती. मला मार पडला असता. मला मार नको होता.