कलम नऊखालची रेघ

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आकाशातून येणारं इंटरनेट मला कितीला पडलं ते आधी ऐक. हिशेब माझ्या मापात सांगतो. महिन्याची वर्गणी म्हणजे तीन जळक्या पंप-मोटारींचं वाइंडिंग. तबकडीची अनामत सात मोटारी. छपरावरचा खांब अर्धी मोटार. बसवणारा दोन दिवस उशिरा आला, त्याची वाट बघत दुकान बंद ठेवलं, त्या आणखी चार. एवढं करून आज तुझ्या वहिनीचा धडा सुरू झाला आणि सहाव्या मिनिटाला पडद्यावर बाईंचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आम्ही दोघं पाऊण तास त्यांच्या दाढांकडे बघत बसलो.

तिच्या अर्धांगाच्या झटक्याला पाच महिने झाले. उजवा हात अजून उठत नाही, आणि तोंडात दोनच शब्द आलेत, ‘पाणी’ आणि ‘नको’. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, जे काही परत यायचं ते पहिल्या वर्षातच येतं, मंगळवार-शुक्रवार चुकवू नका. आपल्या या खोलगट गावात मोबाइल चालत नाही, फोनच्या तारा पडल्या त्या पडल्याच. म्हणून तर हा खटाटोप.

१५ जानेवारीला तबकडी बसली. बारा दिवस लोण्यासारखं चाललं. आता रडतखडत. करार सोबत पाठवतोय, त्यात कंपनीला कुठे पकडता येईल ते बघ. तुझी सगळी नोकरी विम्याच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचण्यात चाललीय. मला फसवलंय असं मात्र समजू नकोस. मोटारीला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस मी. विकायला आलेल्या पोराच्या आवाजात मला कुठेही खरखर ऐकू आली नाही. शिवाय अकराच्या अकरा पानं मी वाचली आहेत. घरात दुसरं आहे कोण वाचणारं?

वस्तूची निगाही माझ्यासारखी कोणी राखत नसेल. गेल्या सोमवारीच तबकडीला आपल्या दुकानातल्या रुपेरी रंगाचा एक हात दिला. माझ्या हातून बाहेर पडलेली मोटार वीस वर्षं गंजत नाही ती त्याच रंगामुळे. दुसरा हात उद्या देणार. वहिनी शिडी धरून ‘नको, नको’ करत होती. मी पडेन म्हणून भिते बिचारी.

लोभ आहे तो तसाच चालू दे, त्याला मुदत नाही.
तुझा दादा

७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

दुसरा हात देऊ नकोस! हे वाक्य मुद्दाम सगळ्यात वर लिहिलं. बाकीचं सावकाश वाच.

ऑफिसात दिवसभर परक्यांचे करार वाचते आणि घरी येऊन भावाचा. डोळे शिणलेत, पण वाचला. तुझ्या त्या पोराने खोटं काहीच सांगितलेलं नाही, म्हणून तुला खरखर ऐकू आली नाही. त्याने फक्त अर्धं सांगितलं. वेग ‘पन्नासपर्यंत’ असं लिहिलंय, आणि त्या ‘पर्यंत’मध्ये पाचही बसतात. महिन्याचा ठरलेला साठा संपला की वेग उतरणार, हे कलम चार. करार चोवीस महिन्यांचा आहे, मध्येच सोडलास तर उरलेल्या सगळ्या महिन्यांची वर्गणी एकदम. तबकडी तुझी नाहीच, कंपनीची आहे, तू फक्त ती सांभाळतोस. तीस दिवसांत परत केलीस तर सगळे पैसे मिळतात, म्हणजे १४ तारखेपर्यंत. पण वस्तू दिली तशी परत हवी.

आता कलम नऊ. तबकडीवर रंग, लेप, आच्छादन काहीही चालणार नाही, त्याने संदेश अडतो आणि हमी संपते. तुझ्या रुपेरी रंगात धातूची पूड असते हे मी तुझ्याच तोंडून शंभरदा ऐकलंय. आभाळाकडे बघायला बसवलेल्या वस्तूचे डोळेच तू रंगवलेस, दादा.

एकच कळत नाही. याच कलमाखाली तू पेन्सिलीने रेघ मारली आहेस, वाकडीतिकडी. रेघ मारलीस आणि वर जाऊन रंगही दिलास?

वहिनीला सांग, माझा जीव तिच्यापाशी असतो. तुझ्यावरही आहे, पण आज जरा कमी.
तुझी धाकटी

१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल हातात पडलं. दुसरा हात चार तारखेलाच देऊन झाला होता. रंग उत्तम बसलाय, इंटरनेट ठार बंद आहे.

थिनरने पुसून बघितलं. रंग निघाला नाही, खालचं प्लास्टिक मात्र पांढरं पडून चिकट झालं. म्हणजे परत करायची वाट मीच बुजवली. सलग तीन धडे बुडाले. बाईंचं पत्र आलंय, महिनाअखेरीपर्यंत सुरू झालं नाही तर आमची वेळ त्या दुसऱ्या रुग्णाला देतील, रांग मोठी आहे. त्यांचाही दोष नाही. इकडे वहिनीचं ‘पाणी’ गेलं, धाकटे. परवा पेल्याकडे बोट दाखवून नुसती बघत राहिली. ‘नको’ तेवढं शिल्लक आहे.

शेजारचा वेल्डर म्हणतो, तबकडी रंगवलेलीच आली असं ठोकून दे, कोण बघायला येतंय. तुझं मत कळव. मी थकलो. मोटार जळाली तर मला तार बदलता येते, इथे कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही.

आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, अकरा पानांतली चार वाचली, बाकीची उलटली. त्यामुळे कलम नऊ मी पाहिलेलंच नाही आणि ती रेघही माझी नाही. मी खडू वापरतो. विकणाऱ्या पोरानेच मारली असेल.

राग धरू नकोस, आणि धरलास तरी पत्र थांबवू नकोस.
दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

वेल्डरला म्हणावं, तू लोखंड जोड. कलम दहा असं आहे की खोटी माहिती दिली तर करार रद्द आणि चोवीस महिन्यांची वर्गणी वसूल. खरं सांगितलंस तर कलम अकरा लागतं, ग्राहकाच्या चुकीने बिघडलेली तबकडी एकदा स्वखर्चाने बदलून मिळते. दोन ओळींचा अर्ज लिहून सोबत जोडलाय, सही करून आजच टाक. अर्धा खर्च माझा. वाद घालायचा नाही.

बाईंशी मी इथून फोनवर बोलले. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबतील.

रेघ पोराची नसावी. जे कलम तोंडाने सांगायचं टाळलं, ते कोणी अधोरेखित करून देतं का?

काळजी घे, दोघांची.
धाकटी

२८ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

नवी तबकडी बुधवारी बसली. नऊ मोटारींना पडली, त्यातल्या साडेचार तुझ्या. काल धडा पुरा झाला, बाई एकदाही गोठल्या नाहीत. ‘पाणी’ अजून आलेलं नाही. येईल म्हणतात, पण ‘नक्की’ म्हणत नाहीत. तुझ्या त्या ‘पर्यंत’सारखंच.

धडा संपताना बाईंनी विचारलं, घरी वाचायला काय देता यांना? मी म्हटलं, काही नाही, बोलता येत नाही तर वाचणार काय. मग त्यांनी पडद्यावर एक ओळ दाखवली, खिडकीकडे बोट करा. वहिनीने डाव्या हाताने खिडकी दाखवली. दुसरी ओळ आली, नवऱ्याचा चष्मा काढा. तिने काढला. बाई म्हणाल्या, वाचणं यांचं पहिल्यापासून शाबूत आहे, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.

संध्याकाळी मी नव्या तबकडीबरोबर आलेला करार तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला. पानं डाव्या हाताने उलटायची म्हणजे वेळ लागतो, मी बसून राहिलो. नवव्या कलमाशी ती थांबली. शिवणाच्या डब्यातून पेन्सिलीचा बोटभर तुकडा काढला आणि रेघ मारली. वाकडीतिकडी. मग शिडी उभी असते त्या कोपऱ्याकडे बघितलं, नंतर माझ्याकडे.

पहिला करार आला तेव्हा मी दिवसभर दुकानात होतो आणि ती घरात होती. मी चार पानं वाचली होती. तिने अकरा.

दादा